आठ पीच, दोन वटवाघळं

ती फुलदाणी उंचीला जेमतेम हातभर आहे. तोंड किंचित बाहेर वळलेलं, गळा निमुळता. तिथून अंग हळूहळू भरत जातं आणि पायाशी येईतो पुन्हा सडपातळ होतं. चिनी लोक या घाटाला ऑलिव्हच्या फळाचं नाव देतात. मला मात्र ती अंगानं भरलेल्या, ताठ चालणाऱ्या एखाद्या सुवासिनीसारखी दिसते. हळदीकुंकवाला निघालेली, पदर नीट सावरलेली. अंगावर दागिना एकच, पीचची फांदी. ती खालून उगवते आणि पोटाला वळसा घालत वर चढते. तिला आठ फळं लागली आहेत, टोकाशी गुलाबी होत गेलेली. आणि त्याच फांदीवर, फळांना लागून, फुलंही उमलली आहेत.

कुठल्याच बागेत असं होत नाही. पीचचं झाड वसंतात फुलतं, फळ पिकतं उन्हाळ्यात. इथं दोन्ही ऋतू एकाच डहाळीवर नांदतात, कारण ही फांदी पृथ्वीवरच्या झाडाची नाहीच. वरच्या मोकळ्या पांढऱ्या जागेत दोन वटवाघळं उडताहेत.

तिला उलटी केली तर तळाशी निळ्या रंगात सहा अक्षरं दिसतात. थोर छिंग घराण्याच्या योंगझेंग काळात घडवली, असं ती सांगतात. योंगझेंग सम्राटाची कारकीर्द १७२३ ते १७३५, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावांचे घोडे माळव्यात-बुंदेलखंडात दौडत होते तो काळ. तिचं माहेर जिंगदेझेन, चीनच्या जियांगशी प्रांतातलं भट्ट्यांचं गाव. आपण तिच्या साऱ्या जातीला ‘चिनी माती’ म्हणतो. मातीला एका अख्ख्या देशाचं नाव द्यावं, इतकी ती माती त्या देशाची. पण लोणच्याच्या बरणीशी हिचं नातं दूरचं आहे. बरणी जाड, तिच्यातून काही आरपार दिसत नाही. हिच्या जातीचं पातळ भांडं उजेडासमोर धरलं तर अंगातून उजेड झिरपतो. त्यासाठी दोन द्रव्यं लागतात. एक पांढरी माती. ती ज्या गाओलिंग गावाजवळ खणत, त्या गावाच्या नावावरून जगभर तिला केओलिन म्हणू लागले. दुसरं द्रव्य म्हणजे कुटून वड्या पाडलेला एक दगड. चिनी कारागीर मातीला हाडं म्हणत आणि दगडाला मांस. सुमारे १,३०० अंशांच्या आचेत दगड वितळून मातीला धरून ठेवतो, आणि नखानं टिचकी मारली की घंटेसारखा नाद देणारी काया तयार होते.

त्या गावाचं वर्णन दांत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं १७१२ आणि १७२२ मध्ये लिहिलेल्या दोन लांबलचक पत्रांत आहे. एक भांडं पुरं होईपर्यंत सत्तर हातांतून जातं, असं त्यानं ऐकून नोंदवलं. माती मळणारा वेगळा, चाकावर बसणारा वेगळा, नुसत्या कडा रेखणारा वेगळा, फुलं काढणारा वेगळा, पक्षी काढणारा वेगळा. १७२८ मध्ये तांग यिंग नावाचा दरबारी अधिकारी तिथल्या शाही भट्ट्यांवर देखरेखीला आला. त्याला या कामातलं काहीच कळत नव्हतं, आणि ते त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. मग तीन वर्षं तो कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर झोपला, आणि शिकला. चिनी मातीच्या इतिहासात आज त्याचं नाव सम्राटाच्या बरोबरीनं घेतात. मला त्याचा फार आदर वाटतो. हुकूम सोडायला आलेला माणूस चिखलात उतरतो, तेव्हाच असली भांडी घडतात.

पहिल्या भट्टीतून निघाली तेव्हा ती नुसती पांढरी होती. रंग नंतर चढले, आणि ते पक्के करायला तिला पुन्हा एकदा आगीतून जावं लागलं. ही दुसरी आच मंद, सातशे-आठशे अंशांची. तिच्या फळांवरची गुलाबी लाली ही त्या काळातली अगदी नवी गोष्ट होती. जेझुइटांच्या मार्फत युरोपातल्या मीनाकामाची विद्या बीजिंगच्या दरबारात पोहोचली होती, म्हणून चिनी लोक या छटांना ‘परदेशी रंग’ही म्हणत. ती लाली सोन्याची आहे. काचेच्या भुकटीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण विखुरले की पिवळं सोनं गुलाबी दिसू लागतं. फळाचा गोलवा आणि फुलाची पाकळी उठावी म्हणून खाली जो दाट पांढरा रंग देत, त्यात शिसं आणि सोमल असे. आपल्या वैद्यांच्या खलातलीच ही द्रव्यं. सोनं, शिसं, सोमल ही नावं ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहेत.

आधी फळाची गोष्ट सांगायला हवी. पश्चिमेच्या कुनलुन पर्वतावर शीवांगमू, म्हणजे पश्चिमेची राणीमाता, राहते. ताओ पंथाच्या पुराणांत अमरांची नोंद तिच्याकडे. तिच्या बागेतल्या पीचला तीन हजार वर्षांतून एकदा फळ येतं आणि ते खाणाऱ्याला मरण नसतं. ‘पश्चिमेची यात्रा’ या मिंग काळातल्या कादंबरीत या बागेचा सगळा हिशेबच दिला आहे. झाडं ३,६००. पुढच्या बाराशे झाडांना तीन हजार वर्षांनी फळ येतं, मधल्या बाराशेंना सहा हजार वर्षांनी, मागच्यांना नऊ हजार वर्षांनी. राखणीला ठेवलेल्या सुन वुकोंग माकडानं ती बाग फस्त केली आणि स्वर्गात हलकल्लोळ उडाला. मारुतीच्या अशोकवनावर वाढलेल्या आपल्याला हे माकड परकं वाटत नाही.

मला त्याहून जुनी एक कथा आवडते. हान घराण्याचा सम्राट वू अमरत्वाच्या मागे लागला होता. राणीमाता त्याच्या भेटीला आली आणि तिनं त्याला काही पीच दिले. सम्राटानं फळं खाल्ली आणि आठळ्या जपून ठेवल्या. ‘त्या कशाला?’ तिनं विचारलं. ‘लावीन म्हणतो,’ सम्राट म्हणाला. ती हसली. या झाडाला तीन हजार वर्षांनी फळ येतं, आणि तुझ्या देशाची जमीन तेवढ्या कसाची नाही, असं तिनं सांगितलं. खिडकीतून डोकावणाऱ्या एका दरबाऱ्याकडे बोट दाखवून तिनं असंही सांगितलं, की या पोरानं माझे पीच तीनदा चोरले आहेत. तो दुंगफांग श्वो. चिनी भांड्यांवर फळांची फांदी खांद्यावर टाकून पळणारा मिस्कील म्हातारा दिसला, तर तो हाच.

पीच हे मूळ चीनचंच फळ. सातव्या शतकात भारतात फिरलेल्या ह्युएन त्संगानं लिहून ठेवलं आहे, की कनिष्काच्या काळी चीनच्या बाजूनं ओलीस म्हणून आलेल्या राजपुत्रांनी पंजाबात पीच आणि नाशपाती आणल्या, म्हणून इथले लोक पीचला ‘चीनानी’ म्हणतात. म्हणजे त्या फळालाही आपण मातीसारखंच देशाचं नाव दिलं होतं. पुढे ते आपण विसरलो.

आता ती दोन वटवाघळं. आपल्याकडे घरात पाकोळी शिरली की दिवा मोठा करतात, खिडक्या उघडतात, घरातली वडील मंडळी अस्वस्थ होतात. चिनी घरात मात्र वटवाघूळ म्हणजे साक्षात सुदैव, आणि कारण निव्वळ भाषेचं. वटवाघळाला चिनीत ‘फू’ म्हणतात. सुदैवालाही ‘फू’. लिहिताना अक्षरं वेगळी, उच्चार एकच. म्हणून पाच वटवाघळं काढली की पाच भाग्यं झाली. दीर्घ आयुष्य, संपत्ती, स्वास्थ्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरं झाल्यावर आलेलं शांत मरण. लाल वटवाघूळ काढलं तर ‘लाल’ आणि ‘अफाट’ यांचा उच्चार जुळतो. उलटं लटकलेलं काढलं तर ‘उलटं’ आणि ‘आलं’ यांचा जुळतो, आणि चित्र सांगतं, भाग्य घरी आलं. पीचशेजारी वटवाघूळ म्हणजे भाग्यही आणि आयुष्यही. असं भांडं वाचता येतं, मोठ्यानं म्हणता येतं. चिनी माणूस वाढदिवसाला पीच-वटवाघळाचं भांडं देतो, तेव्हा शब्द वेगळे बोलायची गरज उरत नाही.

तिचा गोतावळा मोठा आहे. सिद्धांना पाठीवर घेऊन उडणारा क्रौंच, राजसेवेतल्या वेतनाचा उच्चार अंगावर बाळगणारं हरीण, लिंगची नावाची संजीवक बुरशी, औषधाचा भोपळा, हिवाळ्यातही हिरवा राहणारा पाइन. आपले चिरंजीव सात, ताओ पंथाचे अमर आठ. त्यांतला ली थिएग्वाय कुबडी टेकत लंगडणारा भिकारी, तर ह श्येनगू हातात कमळ घेतलेली तरुणी. कधी कधी चितारी माणसं काढतच नाही. नुसता भोपळा, पंखा, तलवार, बासरी, कमळ एवढंच काढतो, आणि पाहणारा आठही जणांना ओळखतो. पारशी बायकांच्या गारा साड्यांवर रेशमानं भरलेले क्रौंच आणि लिंगची याच कुळातले. कॅन्टनच्या व्यापारात ते मुंबईला आले आणि इथल्या लग्नांत मिरवले.

या गोतावळ्यातला सर्वांत वडील माणूस तर आपल्या ओळखीचा आहे. भलं मोठं टक्कल, लांब पांढरी दाढी, एका हातात काठी आणि दुसऱ्यात पीच. हा शौशिंग, आयुष्याचा तारा. आकाशातलं त्याचं रूप म्हणजे चिनी ज्याला ‘दक्षिण ध्रुवाचा म्हातारा’ म्हणतात तो तारा. आपण त्याला अगस्ती म्हणतो. तारा एकच. तिकडे तो आयुष्य देणारा म्हातारा, इकडे समुद्र पिऊन टाकणारा, पावसाचं गढूळ पाणी निवळवणारा ऋषी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासकार सिमा छियाननं लिहिलं आहे, की हा तारा दिसला तर राज्यात शांतता नांदते आणि नाही दिसला तर शस्त्रं उठतात. बीजिंग इतकं उत्तरेला आहे, की तिथं अगस्ती क्षितिजावर येतच नाही. ज्याचं चित्र वाड्यातल्या भांड्यांवर हजारदा रंगवलं गेलं, तो तारा सम्राटाला आपल्या अंगणातून एकदाही दिसला नसेल. आपल्या कोकणातून आणि देशावरून तो माघ महिन्यात रात्री व्याधाच्या खाली, दक्षिणेला, स्वच्छ दिसतो.

आयुष्याचा हा सगळा ध्यास ज्या वाड्यांत वाढला, तिथं त्याचा शेवट चांगला झाला नाही. मिंग घराण्याचा जियाजिंग सम्राट १५२१ ते १५६७ असा गादीवर होता. ताओ पंथाचं त्याला वेड होतं. त्याच्या काळच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर क्रौंच, अष्टकोनी ताओ चिन्हं आणि भोपळ्याचे घाट नुसते दाटले आहेत. काही भांड्यांवर झाडाचं खोडच पिळवटून ‘आयुष्य’ या अक्षराच्या आकाराचं केलेलं आहे. मला ते खोड पाहवत नाही. झाडाला असं वाकवणारी इच्छा कसली असेल, हा विचार मनातून जात नाही. १५४२ मध्ये त्याच्याच वाड्यातल्या दासींनी रात्री दोरीनं त्याचा गळा आवळायचा प्रयत्न केला. गाठ चुकली म्हणून तो वाचला. पुढे तो अमरत्वाच्या गोळ्या खात राहिला आणि साठीच्या आत गेला.

आपल्या या फुलदाणीचा धनी योंगझेंग त्याहून कितीतरी शहाणा आणि कष्टाळू राजा होता. प्रांतांतून आलेले अर्ज रात्र रात्र जागून स्वतः वाचायचा आणि समासात लाल शाईनं शेरे लिहायचा. भांड्यांच्या घाटाबद्दल आणि रंगांबद्दल त्याची नजर इतकी नेमकी होती, की चिनी मातीचं काम पाहिलं तर त्याच्या तेरा वर्षांना मी सर्वांत वरचं स्थान देईन. पण शेवटच्या वर्षांत त्यानंही बीजिंगबाहेरच्या युआनमिंगयुआन बागेत ताओ सिद्ध आणून ठेवले. तिथं भट्ट्या पेटल्या. कोळसा आणि शिसं आत गेल्याच्या नोंदी दरबाराच्या दफ्तरात सापडतात. ताओ किमयेची विद्या मुळात हिंगुळाची, पाऱ्याची, शिशाची. ‘सुवर्णगुटी’ हेच तिच्या साध्याचं नाव. विश्वासातल्या अधिकाऱ्यांनाही तो औषधी गोळ्या पाठवत असे. ८ ऑक्टोबर १७३५ रोजी त्याच बागेत तो अचानक गेला. वय ५६. गोळ्यांनीच घात केला, असं कित्येक इतिहासकारांचं मत आहे. मुलगा छियानलोंग गादीवर बसला आणि त्यानं पहिल्या काही दिवसांतच त्या सिद्धांना बागेबाहेर घालवलं. तो स्वतः ८७ वर्षांचा होऊन गेला.

एकाच राजाच्या दोन भट्ट्या. जिंगदेझेनच्या भट्टीत सोनं, शिसं आणि सोमल आगीत गेलं आणि त्यातून आठ पीच पिकले. ते अजून पिकलेलेच आहेत. बागेतल्या भट्टीत तसलीच जहाल द्रव्यं गेली, आणि त्यातून काय निघालं ते सांगितलं. द्रव्यांचा यात दोष नाही. गोळी माणूस स्वतःच्या तोंडात टाकतो. फुलदाणी दुसऱ्याला द्यायची असते.

आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, औक्षण. औक्ष म्हणजे आयुष्य. तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता. आई मुलाला ओवाळते, बहीण भावाला. स्वतःचं औक्षण कुणी स्वतः करत नाही. तशी रीतच नाही. ‘औक्षवंत हो’ हे दुसऱ्यानं म्हणायचं असतं, तेव्हाच त्याला अर्थ. ताओ सिद्धांनी सम्राटाला काय शिकवलं असेल ते असो, पण पीच आणि वटवाघूळ रंगवणाऱ्या चिताऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती. त्याच्या फांदीला अमरत्व लागलेलं नाही. तिला शुभेच्छा लागल्या आहेत. म्हणून मला ती फुलदाणी हातात तबक घेतलेल्या बाईसारखी दिसते.

छियानलोंगच्या काळी फळं आठाची नऊ झाली, कारण चिनीत ‘नऊ’ आणि ‘दीर्घकाळ’ यांचा उच्चार एक. योंगझेंगचे आठ, छियानलोंगचे नऊ, असं संग्राहक आजही म्हणतात. नऊ फळांच्या भल्या थोरल्या गोल फुलदाण्या भारदस्त आहेत, यात शंका नाही. पण माझं मन आठांवरच आहे. तिथं पांढऱ्या जागेला श्वास घेता येतो.

विसाव्या शतकात ही आठ पीचची फुलदाणी अमेरिकेत होती, न्यूयॉर्कच्या ओग्डेन रीड यांच्या घरी. हे रीड १९५९ ते १९६१ मध्ये इस्रायलमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. त्यांच्या घरात तिच्यावर दिवा बसवलेला होता. दिव्याचं बूड म्हणून ती उभी होती. बल्ब वर, त्यावर झाकण, आणि खाली अंधुक उजेडात आठ पीच. चिनी फुलदाण्यांचे असे दिवे करण्याची पाश्चात्त्य घरांत पद्धतच होती. वायर काढायला तळाला भोक पाडत, आणि कित्येक उत्तम भांडी त्यात कायमची जायबंदी झाली. ही अखंड राहिली. तळाची सहा अक्षरंही शाबूत राहिली. मला तिच्या त्या दिवसांचं वाईट वाटत नाही. ओवाळणारणीच्या हातात दिवा असायचाच. तिच्या तो डोक्यावर होता, इतकंच.

मग कुणीतरी तिला ओळखलं. ७ मे २००२ रोजी हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात ती ४ कोटी १५ लाख हाँगकाँग डॉलरला गेली. छिंग काळच्या चिनी मातीच्या भांड्याला तोवर एवढी किंमत आली नव्हती. घेणारी बाई हाँगकाँगची उद्योजिका झांग योंगझेन, तिकडे अ‍ॅलिस चेंग म्हणून ओळखली जाणारी. वडील शांघायात जुन्या वस्तूंचे व्यापारी, भाऊ रॉबर्ट चांग चिनी कलेचा नामांकित संग्राहक. असल्या घरातल्या बाईला आपण काय घेतलं ते पुरतं ठाऊक होतं. तरी तिनं ती स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवली नाही. शांघाय संग्रहालयाला देऊन टाकली.

आज ती तिथंच आहे. तिच्याजवळच्या पाटीवर योंगझेंगच्या राजवटीचं नाव आहे, आणि ती देणाऱ्या बाईचंही.